भिंगरीला मुंबईहून जर्मनीला नेताना: चिप, टायटर टेस्ट, क्रेट आणि बरंच थांबणं

सप्टेंबर २०२३ मध्ये नवऱ्याची जर्मनीतली नोकरी पक्की झाली आणि त्याच रात्री आम्ही व्हिसाच्याही आधी भिंगरीला कसं न्यायचं ते शोधायला बसलो. भिंगरी आमची देशी कुत्री, सोसायटीच्या गेटपाशी जन्मलेली, तेव्हा सहा वर्षांची आणि वजन सतरा किलो, म्हणजे केबिनमध्ये आपल्या पायाशी पिशवीत घेऊन जायचा प्रश्नच नव्हता कारण तिथे बहुतेक कंपन्या पिशवीसकट सात-आठ किलोच्या पुढे जाऊ देत नाहीत. नातेवाईकांपैकी बऱ्याच जणांनी अगदी मनापासून सांगितलं की चांगलं घर बघून देऊन टाका, एवढ्या लांब नेऊन तिचे हाल कशाला करता. त्यांचं चुकीचं होतं असं मी म्हणणार नाही, पण माणसांच्या घरात सहा वर्षं वाढलेल्या कुत्रीला परत नव्याने कुणाची तरी व्हायला लावायचं हे मला जमणारं नव्हतं.

आता आम्ही तिघंही इथे स्थिरावलोय म्हणून सगळं क्रमाने लिहून काढतेय. मी शोधत होते तेव्हा मला तुकड्या-तुकड्यात माहिती मिळत होती, कुणी म्हणे पंधरा दिवसांत होतं, कुणी म्हणे सहा महिने लागतात, आणि दोघंही खरं बोलत असायचे कारण देश वेगळे असायचे. त्यामुळे आधीच सांगते, हे सगळं भारतातून युरोपियन युनियनमध्ये, त्यातही जर्मनीत नेण्याबद्दल आहे. ब्रिटनचं गणित वेगळं आहे, तिथे विमानाने कुत्रा न्यायचा तर तो कार्गो म्हणूनच जातो. आयर्लंड, फिनलंड, माल्टा इथे जायचं असेल तर पोहोचायच्या आधी २४ ते १२० तासांच्या मध्ये टेपवर्मचं, म्हणजे पोटातल्या पट्टकृमींचं, औषध डॉक्टरांकडून देऊन त्याची नोंद घ्यावी लागते. जर्मनीला ते लागत नाही.

युरोपियन युनियनने रेबीजच्या बाबतीत देशांची यादी केलेली आहे. यादीतल्या देशातून येणाऱ्या कुत्र्याला चिप, लस आणि सर्टिफिकेट एवढं पुरतं. भारत त्या यादीत नाही, म्हणून आपल्याला मध्ये एक मोठी पायरी जास्त आहे, रक्तातल्या रेबीजच्या अँटीबॉडी मोजायची टेस्ट, तिलाच सगळे टायटर टेस्ट म्हणतात. क्रम असा: आधी मायक्रोचिप, म्हणजे कातडीखाली बसवायची नंबरवाली चिप, मग रेबीजची लस, लसीनंतर निदान ३० दिवस थांबून रक्त, आणि रक्त घेतल्याच्या तारखेपासून पूर्ण ३ महिने झाल्यावरच प्रवेश. ह्यातली कुठलीही पायरी पुढे-मागे झाली की परत पहिल्यापासून सुरुवात. पैसे जास्त भरून ह्यातला एकही दिवस कमी होत नाही, हे जेवढ्या लवकर मान्य होईल तेवढं डोकं शांत राहतं.

एका एजंटशी बोलून बघितलं. घरून घेऊन जाण्यापासून तिथे हातात देण्यापर्यंत सगळं करतो म्हणाले आणि आकडा सांगितला सव्वादोन लाख. एजंट वाईट असतात असं अजिबात नाही, ज्यांना स्वतः आधी निघावं लागतं किंवा ऑफिसांच्या चकरा मारणं शक्य नसतं त्यांच्यासाठी तो सरळ मार्ग आहे. माझी नोकरी घरून होती, नवरा डिसेंबरात पुढे जाणार होता आणि मी भिंगरीसोबत मागे राहणार होते, त्यामुळे ठरवलं आपणच करू.

९ ऑक्टोबर २०२३ ला चिप आणि लस. भिंगरीला दरवर्षी रेबीजची लस वेळेवर दिलेली होती, पुस्तिकेत सगळे स्टिकर होते, तरी ते सगळं ह्या कामासाठी बाद, कारण चिप बसवायच्या आधी दिलेली लस युरोपवाले धरत नाहीत. कारण ऐकलं तर पटतं, चिप नसताना लस नेमकी ह्याच कुत्र्याला दिली हे सिद्ध कसं करणार. चिप आयएसओ ११७८४ आणि ११७८५ ह्या मानकाचीच हवी, पंधरा आकडी नंबरवाली, म्हणजे तिथल्या रीडरवर ती वाचता येते. आमच्या डॉक्टरांनी आधी सुईच्या पाकिटावरचा नंबर मला मोठ्याने वाचायला लावला, मग चिप मानेच्या मागे दोन खांद्यांच्या मध्ये टोचली, मग रीडर फिरवून पुन्हा नंबर वाचला आणि मगच लसीची बाटली उघडली. "क्रम महत्त्वाचा आहे मॅडम, तारीख एकच असली तरी चालेल पण चिप आधी," असं म्हणाले. पुस्तिकेत चिप बसवल्याची तारीख, नंबर, लसीचं नाव, बॅच नंबर, कधीपर्यंत लागू ते सगळं लिहून सही-शिक्का. चिप आणि लस मिळून दोन-अडीच हजारांत झालं. चिपच्या पाकिटातले जास्तीचे बारकोड स्टिकर फेकू नका, पुढे प्रत्येक फॉर्मवर ते चिकटवता आले की आकडे हाताने लिहायची वेळच येत नाही.

त्याच आठवड्यात क्रेट मागवला. तिकीट चार महिने लांब असताना क्रेट कशाला असं नवऱ्याला वाटलं होतं, पण ही माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची टिप आहे. कागदांसाठी जे महिने थांबावं लागतं तेच महिने कुत्र्याला क्रेटची सवय लावायला मिळतात आणि त्यातला प्रत्येक आठवडा कामी येतो. आधी माप. विमान कंपन्या आयाटाचे, म्हणजे त्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे, नियम धरतात, त्यात कुत्र्याची चार मापं घ्यायची: नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत लांबी, जमिनीपासून कोपरापर्यंत पायाची उंची, खांद्यांची रुंदी, आणि उभं असताना जमिनीपासून डोक्याच्या किंवा कानांच्या टोकापर्यंत उंची, जे जास्त असेल ते. क्रेटची लांबी म्हणजे पहिलं माप अधिक पायाच्या उंचीचं निम्मं, रुंदी म्हणजे खांद्यांच्या दुप्पट, आणि उंची डोक्यापर्यंतच्या मापात अंथरुणाची जाडी मिळवून. भिंगरीचे कान उभे आहेत त्यामुळे कानांच्या टोकापर्यंत मोजलं. ती टेप बघून इतकी वळवळत होती की शेवटी भिंतीला लावून पेन्सिलने खूण केली आणि मग भिंत मोजली.

क्रेट साधारण तेरा हजारांना पडला. घेताना बघायचं ते असं: कडक प्लास्टिकचा, दार धातूचं, चारही बाजूंनी हवा जायला जागा, चाकं असतील तर काढता येणारी, आणि वरचा-खालचा भाग जोडायला नुसत्या प्लास्टिकच्या क्लिपा न ठेवता धातूचे नट-बोल्ट. दाराला आतून अडकवायच्या दोन वाट्या, एक पाण्याची एक खाण्याची, ज्या दार न उघडता बाहेरून भरता आल्या पाहिजेत.

पहिले दोन आठवडे क्रेटचा वरचा भाग काढून नुसतं खालचं भांडं हॉलमध्ये ठेवलं आणि तिची नेहमीची गोधडी आत टाकली. जेवण त्याच्यात. मग वरचा भाग चढवला, दार नाही. मग दार लावलं पण उघडंच. दार बंद करायला सुरुवात केली ती दिवाळीनंतर, आधी अर्धा मिनिट, मग मी शेजारी बसून चहा पिईपर्यंत, मग मी दुसऱ्या खोलीत. ती कुरकुरायला लागली की त्या दिवशी मागे यायचं, पुढे रेटायचं नाही. जानेवारीत ती रात्रभर दार लावून आत झोपायला लागली आणि एक दिवस दुपारी पाहुणे आले तर आपणहून आत जाऊन बसली, तेव्हा मला पहिल्यांदा खरंच वाटलं की हे होणार. ज्यांचं कुत्रं चिंतातूर आहे त्यांनी तर ह्याला आणखी वेळ द्यावा. क्रेटला कधीही शिक्षेची जागा करू नका, एवढं एक पाळलं तरी खूप आहे.

रक्त दिलं १४ नोव्हेंबरला. तीस दिवस ८ नोव्हेंबरलाच पूर्ण होत होते, पण आम्ही थोडे दिवस जास्त जाऊ दिले. ही टेस्ट युरोपियन युनियनने मान्यता दिलेल्या लॅबमध्येच व्हावी लागते, साधी लॅब चालत नाही, आणि त्यांची यादी युरोपियन कमिशनच्या साईटवर आहे. आमचा नमुना परदेशातल्या लॅबला गेला. क्लिनिकमध्ये रक्त काढलं, थोडा वेळ ठेवून सेंट्रीफ्यूज मशीनमध्ये फिरवून सिरम, म्हणजे रक्तातला पातळ भाग, वेगळं केलं, लहानशा नळीत भरून बर्फाच्या पॅकमध्ये. नळीवर लेबल, लेबलावर चिपचा नंबर, सोबत लॅबचा फॉर्म, फॉर्मवर पुन्हा चिपचा नंबर, रक्त घेतल्याची तारीख, लसीची तारीख, डॉक्टरांची सही.

इथे एक गोष्ट घडली ती सांगायलाच हवी. फॉर्म क्लिनिकमधल्या असिस्टंटने भरला होता आणि मी पाकीट बंद व्हायच्या आधी सगळं एकदा बघायला मागितलं. चिपच्या नंबरात मधले दोन आकडे उलटसुलट झाले होते. नळीवर बरोबर, फॉर्मवर चूक. तो बिचारा लगेच नवीन फॉर्म घेऊन आला, डॉक्टरांनी परत सही केली, पाच मिनिटांचं काम. पण हेच पाकीट तसंच गेलं असतं तर रिपोर्टवर चुकीचा नंबर आला असता आणि विमानतळावर कुत्रीचा नंबर रिपोर्टशी जुळलाच नसता. तेव्हापासून मी एक पद्धत पाडली, कुठलाही कागद हातात आला की तो पंधरा आकडी नंबर तीन-तीनच्या गटात बोट ठेवून मोठ्याने वाचायचा. प्रत्येक ऑफिसात वाचला. लोक बघायचे, बघू देत. माझं नाव पासपोर्टवर जसं आहे अगदी तसंच, भिंगरीचा रंग, जन्मतारीख, जात, सगळं प्रत्येक कागदावर शब्दशः एकच. जातीच्या रकान्यात आम्ही सगळीकडे मिक्स्ड ब्रीड लिहिलं. जर्मनीला जाणाऱ्यांनी ह्या रकान्याकडे विशेष लक्ष द्या, पिटबुल टेरियर, अमेरिकन स्टॅफर्डशायर टेरियर, स्टॅफर्डशायर बुल टेरियर, बुल टेरियर आणि त्यांच्या संकरातली कुत्री तिथे आणायला कायद्याने बंदी आहे, कुणा डॉक्टरने अंदाजाने तसं काही लिहून ठेवलेलं असेल तर आधीच त्यांच्याशी बोलून घ्या.

टेस्ट, सिरम तयार करणं आणि कोल्ड चेनचं कुरिअर मिळून पंचवीस हजारांच्या आसपास गेले. रिपोर्ट ई-मेलने डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आला. पास व्हायला अँटीबॉडीचं प्रमाण प्रति मिलीलीटर ०.५ आययू (इंटरनॅशनल युनिट) किंवा जास्त लागतं, भिंगरीचा आकडा त्याच्या बराच वर होता. तो मेल मी पहाटे उघडला आणि नवऱ्याला उठवलं, तो तीन दिवसांनी निघणार होता. ज्यांचा आकडा कमी येतो त्यांना परत लस देऊन परत रक्त द्यावं लागतं आणि तीन महिन्यांची मोजणी नव्या रक्तापासून सुरू होते. म्हणून हातात जास्तीचा वेळ ठेवा. आणि पुन्हा सांगते, तीन महिने मोजायचे ते रक्त घेतल्याच्या दिवसापासून. रिपोर्ट कधी आला ह्याला काही महत्त्व नाही. आमची तारीख त्यामुळे १४ फेब्रुवारी २०२४ नंतरची झाली.

नवरा गेल्यावरचे ते दोन महिने मला जड गेले. बाकी काम नव्हतं, नुसतं थांबायचं. भिंगरी रोज संध्याकाळी त्याच्या यायच्या वेळी दाराशी जाऊन बसायची आणि मी तिच्याशी बोलत राहायचे. त्या काळात मी दोन गोष्टी उरकल्या. पहिली, मझलची, म्हणजे तोंडाला बांधायच्या जाळीची, सवय. जर्मनीत लांबच्या रेल्वेत पिशवीत न मावणाऱ्या कुत्र्याला पट्टा आणि मझल दोन्ही लागतं आणि त्याचं निम्मं तिकीट असतं. आपल्याकडच्या देशी कुत्र्यांना मझलची अजिबात सवय नसते, तर आत खाऊ ठेवून हळूहळू लावायचं. दुसरी गोष्ट तिकीट.

तिकिटाचं असं करा, आधी स्वतःचं बुक करून मोकळे होऊ नका. एका विमानाच्या होल्डमध्ये, म्हणजे खालच्या सामानाच्या कप्प्यात, किती प्राणी घेणार ह्याला मर्यादा असते, काही विमानांचा होल्ड प्राण्यांसाठी चालतच नाही, आणि चपट्या नाकाच्या कुत्र्यांना, पग, बुलडॉग वगैरे, बऱ्याच कंपन्या होल्डमध्ये घेतच नाहीत कारण त्यांना श्वासाचा त्रास होऊ शकतो. मी फोन करून आधी त्या तारखेला जागा आहे का विचारलं, क्रेटची मापं आणि कुत्रीसकट वजन सांगितलं, मग तिकीट काढलं आणि लगेच प्राण्याची जागा लेखी कन्फर्म करून घेतली. कन्फर्मेशनचा मेल छापून ठेवा, काउंटरवर दाखवायला लागतो. थेट मुंबई-फ्रँकफर्ट घेतलं, मध्ये बदल नाही, कारण मधल्या देशाचे नियम वेगळे असतात आणि कुत्र्याला दोनदा चढवणं-उतरवणं मला नको होतं. फेब्रुवारीचा शेवट बरा पडला, एप्रिल-मेच्या उन्हात काही कंपन्या होल्डमध्ये प्राणी घेत नाहीत.

आणखी एक नियम बऱ्याच जणांना माहीत नसतो. कुत्रा खाजगी म्हणून, म्हणजे विकण्यासाठी नाही, असा न्यायचा असेल तर मालकाच्या प्रवासाच्या आधी किंवा नंतर पाच दिवसांच्या आत त्याचा प्रवास झाला पाहिजे, आणि मालकाने तसं लिहून द्यायचं असतं. नवरा डिसेंबरात गेलेला, त्यामुळे आम्ही पहिल्यापासून सगळ्या कागदांवर मालक म्हणून माझंच नाव घातलं होतं. तुमच्यातही कुणी एक आधी जाणार असेल तर चिपच्या दिवशीच हे ठरवून टाका.

आता शेवटचे दहा दिवस. युरोपियन युनियनचं जे हेल्थ सर्टिफिकेट लागतं ते दिल्यापासून १० दिवसांच्या आत तिथे पोहोचायला हवं, म्हणून ते आधी करून ठेवता येत नाही. ह्याचा नमुना ठरलेला आहे, ज्या देशात उतरणार त्या देशाच्या भाषेत आणि इंग्रजीत असा द्विभाषिक, आमचा जर्मन-इंग्रजी. मोठ्या छापील अक्षरात भरायचं, आणि सही-शिक्क्याची शाई छपाईच्या रंगापेक्षा वेगळी, म्हणजे काळ्या छपाईवर निळी. बारीक वाटतं पण फॉर्मच्या खालच्या टिपांत हे लिहिलेलंच आहे. जवळ दोन निळी पेनं ठेवली होती.

भारतात ह्यावर सही करणारं सरकारी खातं म्हणजे ॲनिमल क्वारंटाईन अँड सर्टिफिकेशन सर्व्हिसेस, केंद्राच्या पशुसंवर्धन खात्याखाली येतं, मुंबई, दिल्ली, चेन्नई, कोलकाता, बंगळूर, हैदराबाद इथे त्यांची केंद्रं आहेत. आधी आमच्या डॉक्टरांकडून तपासणी करून प्रवासाला तब्येत ठीक आहे असं पत्र घेतलं, मग ऑनलाइन अर्ज, मग ठरलेल्या दिवशी भिंगरीला घेऊन प्रत्यक्ष हजर. सोबत नेलेलं: लसीची मूळ पुस्तिका, टायटरचा रिपोर्ट, डॉक्टरांचं पत्र, माझा पासपोर्ट, व्हिसा, तिकीट, भिंगरीचे फोटो, मालकाचं घोषणापत्र आणि भरून छापलेलं जर्मन-इंग्रजी सर्टिफिकेट. प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स.

सकाळी गेलो, गर्दी होती, एक पर्शियन मांजर, दोन लॅब्राडोर आणि आम्ही. क्वारंटाईन ऑफिसर मॅडमनी रीडरने चिप वाचली, नंबर पुस्तिकेशी जुळवला, मग रिपोर्टशी, मग सर्टिफिकेटशी. मी शेजारी उभी राहून मनातल्या मनात परत तेच आकडे म्हणत होते. रक्त घेतल्याच्या तारखेवर त्यांनी बोट ठेवून महिने मोजले. "व्यवस्थित आहे सगळं," म्हणाल्या. प्रत्येक पानावर शिक्का आहे ना हे तिथेच बघून घ्या, घरी आल्यावर कळलं तर पुन्हा फेरी. सही मिळायला दुपार झाली. सरकारी फी किरकोळ होती, खर्च जातो तो टॅक्सीवर, कारण कुत्र्याला न्यायला तयार होणारा टॅक्सीवाला शोधावा लागतो. मी ओळखीच्या ड्रायव्हरला दिवसभरासाठी सांगून ठेवलं होतं.

निघायचा दिवस २७ फेब्रुवारी, विमान मध्यरात्रीनंतरचं. संध्याकाळी लांब फिरवून आणलं, निघायच्या बऱ्याच आधी हलकं जेवण, नंतर फक्त पाणी. झोपेचं औषध द्यायचं नाही, हे डॉक्टरांनी ठामपणे सांगितलं होतं आणि विमान कंपन्याही गुंगीतला प्राणी घेत नाहीत, कारण उंचीवर रक्तदाब आणि श्वासावर परिणाम होऊ शकतो. पाण्याची वाटी आदल्या रात्री फ्रीजरमध्ये ठेवून बर्फ केली होती, म्हणजे चढवताना सांडत नाही आणि हळूहळू वितळून प्यायला मिळतं. आत शोषून घेणारे पॅड, त्यावर तिची गोधडी आणि नवऱ्याचा न धुतलेला टी-शर्ट. क्रेटवर जिवंत प्राणी असल्याचे आणि वरची बाजू दाखवणाऱ्या बाणांचे स्टिकर, तिचं नाव, माझा नंबर, तिथला नंबर, आणि सगळ्या कागदांच्या झेरॉक्सची पिशवी वर चिकटवलेली. मूळ कागद माझ्या पर्समध्ये, सामानात नाही.

चेक-इन सुरू व्हायच्या आधीच पोहोचले. काउंटरवर क्रेटचं वजन, मापं, मग पैसे भरायला दुसऱ्या खिडकीवर, तीस हजारांच्या घरात, पावती घेऊन परत. मग सुरक्षा तपासणी. भिंगरीला बाहेर काढून मी पट्ट्याने धरलं आणि रिकामा क्रेट मशीनमधून गेला, गोधडीही झटकून बघितली. ह्या वेळी कुत्रं हातातून निसटलं तर विमानतळावर धरणं कठीण, म्हणून छातीचा पट्टा आणि गळ्याचा पट्टा दोन्ही ठेवा. तिथल्या जवानाने तिला विचारलं, "काय गं, कुठे चाललीस?" आणि ती शेपटी हलवायला लागली, तेव्हा माझे हात थरथरायचे थांबले. परत आत जायला तिने वेळ लावला नाही, फिरली, बसली, दाराकडे तोंड करून. मी दार लावलं, चारही कोपऱ्यांना केबल टाय लावले. दोन माणसं ट्रॉली घेऊन आली आणि तिला घेऊन गेली. मी रडले, बराच वेळ.

विमानात बसल्यावर एअर होस्टेसला सांगून ठेवलं की खाली माझी कुत्री आहे, ती चढली का तेवढं विचारून सांगा. प्राण्यांना शेवटी चढवतात, त्यामुळे दार बंद व्हायच्या थोडं आधी ती येऊन म्हणाली की कॅप्टनना माहिती आहे, ती आत आहे. हे विचारायला संकोच करू नका, त्यांना सवय असते. होल्डचा तो भाग केबिनसारखाच दाबाखाली आणि तापमान राखलेला असतो, हे मी वाचलेलं होतं तरी नऊ-साडेनऊ तास डोळा लागला नाही.

फ्रँकफर्टला सकाळी उतरलो. सामानाच्या हॉलमध्ये पट्ट्यावर न येता मोठ्या सामानाच्या काउंटरपाशी ती आली, आणि मला आधी तिचा आवाज आला, भुंकणं नाही, ते हूं-हूं करणं जे ती आम्ही घरी आल्यावर करते. दार तिथे उघडलं नाही, बाहेर पडेपर्यंत उघडू नये. आधी पाणी दिलं, वाटी रिकामी होती, पॅड ओलं होतं, गोधडी कोरडी. मग लाल मार्गिकेने कस्टमकडे. बाहेरच्या देशातून प्राणी आणल्यावर हिरव्या मार्गिकेने सरळ बाहेर जायचं नाही, स्वतः जाऊन सांगायचं, आणि युरोपात प्रवेशही प्राण्यांसाठी ठरवलेल्या विमानतळांवरूनच करायचा, फ्रँकफर्ट त्यात आहे.

अधिकाऱ्याने कागद घेतले, टायटर रिपोर्टवरची रक्त घेतल्याची तारीख आणि प्रवेशाची तारीख शेजारी-शेजारी ठेवून बघितली, रीडर क्रेटच्या जाळीतून मानेपाशी नेला. भिंगरी पाठ करून बसली होती त्यामुळे पहिल्याच वेळी बीप आला. त्याने तो नंबर एकेक आकडा जर्मनमध्ये म्हणत कागदावर टिक केली, मी मराठीत मनात. थोडी फी कार्डने भरली, शिक्का झाला आणि त्याने दार दाखवलं. बाहेर नवरा उभा होता. पुढचं लिहायची गरज नाही.

एकूण हिशेब माझ्या तिकिटाशिवाय ऐंशी हजारांच्या जवळ गेला, त्यात चिप, लस, टेस्ट, क्रेट, विमानाचे पैसे, टॅक्सी आणि झेरॉक्सपर्यंत सगळं आलं.

पोहोचल्यावरही थोडी कामं असतात. घराच्या पत्त्याची नोंदणी झाली की नगरपालिकेत कुत्र्याचीही नोंद करायची, इथे कुत्र्यावर वार्षिक कर असतो, हुंडेश्टॉयर, रक्कम गावागणिक वेगळी, आणि त्याचा बिल्ला मिळतो. कुत्र्यामुळे कुणाचं नुकसान झालं तर त्याचा विमा काही राज्यांत सक्तीचा आहे, जिथे नाही तिथेही बहुतेक लोक घेतात, आम्हीही घेतला. टासो नावाच्या नोंदणीत चिपचा नंबर फुकटात घालता येतो, कुत्रा हरवला तर त्यावरून मालक सापडतो, हे तर पहिल्याच आठवड्यात करा कारण नवीन जागी कुत्री बिथरून पळतात. भिंगरी पहिले काही दिवस खाली उतरायलाच तयार नव्हती, ट्रामचा आवाज आला की बसकण मारायची. आम्ही पहाटे आणि रात्री, रस्ते शांत असताना, तेच दोन चौक फिरवत राहिलो. थंडीत तिचे केस आखूड पडतात म्हणून कोट घेतला आणि एप्रिलच्या मध्यापर्यंत ती बागेत इतर कुत्र्यांचा वास घेत फिरायला लागली.

इथल्या डॉक्टरांकडून युरोपियन पेट पासपोर्ट करून घेतला, त्यात चिप, लस आणि टायटरचा निकाल चढवला. टायटरची नोंद आवर्जून करायला सांगा. रेबीजची लस एकही दिवस खंड न पडता चालू ठेवली तर ती टेस्ट आयुष्यभर चालते, आणि पुढे कधी कुत्र्याला भारतात घेऊन जाऊन परत आणायचं झालं तर पासपोर्टातल्या त्या नोंदीमुळे तीन महिने पुन्हा थांबावं लागत नाही. बूस्टरची तारीख एक दिवस जरी चुकली तरी ती लस नवीन पहिली लस धरतात आणि टेस्टही परत करावी लागते. भिंगरीची मुदत ९ ऑक्टोबर २०२४ ला संपत होती, आम्ही सप्टेंबरातच बूस्टर दिला, डॉक्टरांनी तीन वर्षांवाली लस दिली आणि पुढची तारीख पासपोर्टात लिहून दिली.